पाटणचा यतीम आणि मोखाचा गुलाम

दहावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून सत्काराचे जलसे सुरू होतात. मंडप पडतो, मुलांना ट्रॉफी दिल्या जातात आणि पाहुण्यांच्या तकरिरीत एक वाक्य हमखास येते. मलिक अंबर बाजारात गुलाम म्हणून विकला गेला होता, तरी त्याने मोगल बादशहाला जेरीस आणले. मग तुम्हाला काय अडचण आहे? टाळ्या पडतात. त्याच वस्तीत, त्याच मुलांच्या घरी, दुसरे वाक्य ऐकू येते. मुकद्दर में होगा तो मिलेगा. हे वाक्य बहुधा मुलाचे नाव शाळेतून काढताना किंवा मुलीचा निकाह पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरवताना उच्चारले जाते.

एका वाक्याप्रमाणे सगळे मेहनतीवर अवलंबून आहे. दुसऱ्याप्रमाणे सगळे आधीच लिहून ठेवलेले आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. मला ही दोन्ही वाक्ये खटकतात, कारण दोन्हींमुळे बोलणाऱ्याची जबाबदारी संपते. शिवाय मलिक अंबरचे चरित्र नीट वाचले तर ते या दोन्ही वाक्यांच्या कामाचे नाही. ते एकट्याने वाचण्यापेक्षा त्याच्या एका समकालीनाच्या चरित्राशेजारी ठेवून वाचावे, असे मला वाटते. हा समकालीन म्हणजे अब्दुर्रहीम खान-ए-खानान, आपल्या शाळेच्या पुस्तकांतले दोहेवाले रहीम. दोघेही एका काळात जन्मले, एका काळात मेले, आणि मधल्या वर्षांत दख्खनच्या मातीवर एकमेकांशी लढले. दोघांचेही बालपण एका क्षणात हिरावले गेले होते. मात्र ते हिरावले गेल्यावर काय झाले, तेथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

रहीमचा जन्म १५५६ साली लाहोरला झाला. बाप बैरामखान, म्हणजे हुमायूनचा साथी आणि बाल अकबराचा पालक. त्या वेळी हिंदुस्थानात त्याच्याइतका ताकदवान अमीर दुसरा नव्हता. पुढे अकबराशी बिनसले, बैरामखान पदावरून गेला आणि हजला निघाला. वाटेत गुजरातेत पाटण येथे जानेवारी १५६१ मध्ये एका अफगाणाने जुन्या सूडापोटी त्याचा खून केला. काफिला लुटला गेला. रहीम तेव्हा पुरा पाच वर्षांचाही नव्हता. बापाच्या विश्वासू माणसांनी मुलाला आणि बायकांना कसेबसे अहमदाबादेस पोहोचवले. तेथून अकबराने त्याला आग्र्याला बोलावून घेतले आणि आपल्या देखरेखीखाली वाढवले. उत्तम उस्ताद लावले. फारसी, तुर्की, अरबी, हिंदी अशा भाषा तो शिकला. पुढे अकबराने त्याचे लग्न माहबानूशी लावून दिले. ती अकबराचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका याची बहीण. म्हणजे यतीम झालेल्या मुलाला बादशहाचे घर मिळाले, आणि सासरही त्याच घराच्या अंगणातले मिळाले.

दुसरा मुलगा १५४८ च्या सुमारास हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. त्याचे नाव चापू होते, असे डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक याच्या नोंदीवरून कळते. हा व्यापारी १६१७ साली अंबरला स्वतः भेटला होता. चापू लहानपणीच गुलामांच्या व्यापारात सापडला, तांबडा समुद्र ओलांडून येमेनच्या मोखा बंदरात आला आणि तेथे विकला गेला. मोखा आज कॉफीमुळे ठाऊक असते. त्या काळी हबश देशाची हस्तिदंत, सोने आणि माणसे या बाजूला येत आणि हिंदुस्थानचे कापड त्या बाजूला जात असे. दख्खनच्या विणकरांनी विणलेल्या थानांच्या बदल्यात माणसांची मुले येत होती, हे यंत्रमागाच्या गावात शिकवताना मला दर वर्षी थोडे जड जाते.

मोखाहून हा मुलगा बगदादकडच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याच्या हाती पडला. मुलगा हुशार आहे हे मीर कासिमच्या लक्षात आले. त्याने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब-कारभार शिकवला, इस्लामची दीक्षा दिली आणि नवे नाव दिले, अंबर. मराठी वाचकाला अंबर म्हटले की आकाश आठवते किंवा वस्त्र. आमच्या शाळेतली मुलेही एखादे वेळी तसेच सांगतात. पण हा ‘ऐन’ने सुरू होणारा अरबी अंबर आहे, समुद्रात सापडणारे महागडे सुगंधी द्रव्य. गुलामांना दिली जाणारी नावे पाहा : अंबर, काफूर, संदल, याकूत, मर्जान, जौहर. सुगंध, कापूर, चंदन, माणिक, पोवळे, रत्न. व्यापाराच्या मालाची ही यादी आहे. बापाने ठेवलेले नाव पुसून त्याच्या जागी मालाचे नाव ठेवायचे, अशी ती रीत होती.

येथे मीर कासिमला फरिश्ता ठरवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शिकलेल्या गुलामाला बाजारात जास्त किंमत येते हे त्यालाही कळत होते, आणि अखेर त्याने अंबरला विकलेच. तरीसुद्धा त्या काळात जहाजांतून आलेल्या हजारो मुलांपैकी कितीजणांच्या मालकाने हातात कलम दिली असेल? अंबरच्या पुढच्या सगळ्या चरित्राची पहिली अट ही होती, आणि ती पूर्ण करणे त्याच्या हातात नव्हते.

१५७० नंतरच्या वर्षांत मीर कासिम त्याला घेऊन दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याला त्याने तो विकला. हा चंगेझखानही हबशी होता आणि तोही एके काळी गुलाम होता. दख्खनच्या सुलतानांना हबशी गुलाम का लागत, हे समजून घेतले पाहिजे. दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले. दुसरे आफाकी, म्हणजे इराण-तुराणकडून नव्याने आलेले. त्यांच्या भांडणात महमूद गवानसारख्या वजिराचाही १४८१ मध्ये बळी गेला होता. ज्याला येथे भाऊबंद नाहीत, मामा-काका नाहीत, जो फक्त मालकाचाच आहे, असा सैनिक सुलतानांना आणि अमिरांना भरवशाचा वाटे. म्हणजे ज्या गोष्टीला आपण दुर्दैव म्हणतो ते एकटेपणच त्याची लायकी ठरले होते! चंगेझखानाने असे हजारभर हबशी गुलाम विकत घेतले होते, असे सांगतात. अंबर त्यांच्यातला एक.

या हजारांबद्दल मला एका मुलीने वर्गात विचारले होते. आठवीचा वर्ग, बाप लूमवर काम करणारा. मी रंगात येऊन अंबरची गोष्ट सांगत होते. ती उठली आणि म्हणाली, “टीचर, बाकी नौ सौ निन्यानवे का क्या हुआ?” हिशेबात ती पक्की होती. मी तिला जे सांगता आले ते सांगितले. दख्खनमध्ये मालक मेला की गुलाम सैनिक बहुतेक वेळा मोकळा होई आणि दुसरा आश्रय शोधी. पुष्कळजण लढायांत मेले. उरलेल्यांनी येथेच लग्ने केली आणि त्यांची मुले-नातवंडे दख्खनी म्हणूनच ओळखली जाऊ लागली. मुलगी बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि ते होण्याजोगे उत्तरही ते नव्हते. जलशातल्या तकरिरीला जो प्रश्न पडत नाही तो तिने विचारला होता. हजारातला एक वर आला, तर ती त्या एकाची कमाई म्हणायची की उरलेल्यांच्या खात्यावर काही बाकी निघते?

चंगेझखानाचा शेवट वाईट झाला. सुलतान मुर्तजा निजामशहाच्या मनात त्याच्याविषयी संशय भरवला गेला आणि १५७४-७५ च्या सुमारास त्याला विष देण्यात आले. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. ही घटना चरित्रकार एका ओळीत उरकतात. त्या बाईचे नावही इतिहासात ठळकपणे आलेले नाही. नवरा गेलेला, दरबार उलटलेला, अशा वेळी तिच्याकडे जी चीजवस्तू उरली असेल त्यात हा शिकलेला, धट्टाकट्टा गुलाम मोलाचा होता. तिने तो विकला असता तर कुणी बोट दाखवले नसते. तिने सोडला.

पुढची वीस वर्षे अंबरबद्दल फारसे काही सांगता येत नाही. तो लग्न करतो, विजापूरच्या आदिलशहाकडे चाकरी करतो, तेथे ‘मलिक’ हा किताब मिळवतो, आणि १५९५ च्या आसपास पुन्हा अहमदनगरच्या बाजूला येतो. अभंगखान नावाच्या हबशी सरदाराच्या हाताखाली तो दीडशे स्वारांचा नायक होतो. वय सत्तेचाळीसच्या घरात. हे आकडे मी मुद्दाम देते, कारण शेजारी रहीमचे आकडे ठेवले की चित्र स्पष्ट होते. जानेवारी १५८४ मध्ये गुजरातेत सरखेजजवळ मुजफ्फरशहाचा पराभव केल्यावर रहीमला खान-ए-खानान हा बापाचाच किताब आणि पाच हजारी मनसब मिळाली. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. १५८९ मध्ये त्याने बाबरनाम्याचा फारसी तरजुमा अकबराला सादर केला. तो लढाईत शूर होता, कवी होता, दानी होता. यातले काहीही खोटे नाही, त्याच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. परंतु त्याची कर्तबगारी सत्ताविसाव्या वर्षी दिसली, कारण ती दिसावी अशा जागी तो उभा होता. अंबरची कर्तबगारी पन्नाशीपर्यंत दिसली नाही. ती त्याच्यात नव्हती असे नव्हे. एका दीडशे स्वारांच्या नायकाकडे कोण पाहतो!

यापुढे योगायोग असा की अंबरचे दार रहीमने उघडले. १५९५ पासून मोगल अहमदनगरवर चालून येत होते. पहिल्या वेढ्यात चांदबीबीने किल्ला राखला. ऑगस्ट १६०० मध्ये शहजादा दानियाल आणि खान-ए-खानान यांनी किल्ला घेतला. त्याआधी चांदबीबीचा तिच्याच लोकांकडून खून झाला होता. सुलतान कैद झाला. जुने मोठे सरदार मेले, पांगले किंवा मोगलांना मिळाले. राज्य मोडले नसते तर अंबर फार तर पाचशे-हजार स्वारांचा सरदार होऊन मेला असता. राज्य मोडल्यामुळे मधल्या सगळ्या पायऱ्या एकदम नाहीशा झाल्या.

म्हणून हे सारे नशीबच का? नाही. तोच मोडका मुलूख इतरांपुढेही पडला होता. राजू दख्खनी नावाचा सरदार काही वर्षे अंबरच्या बरोबरीने मुलूख धरून होता. त्याला मोगल आणि अंबर दोघांशीही लढावे लागले, अंबरलाही तसेच. १६०७ च्या सुमारास अंबरने राजूचा पाडाव केला. फरक होता तो माणसे जोडण्यात. अंबरने मोगलांच्या अवजड फौजेसमोर उभे राहायचे नाही, तिची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, डोंगरात ओढून न्यायचे, ही बर्गीगिरी वाढवली. त्यासाठी त्याने मराठा स्वारांवर भिस्त ठेवली. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने १६१० च्या सुमारास नोंदवले आहे की अंबरपाशी त्याच्या जातीचे दहाएक हजार आणि दख्खनी चाळीस हजार सैन्य होते. या चाळीस हजारांत मावळे, देशमुख, पाटलांची पोरे किती असतील! भोसल्यांचे घराणे याच निजामशाहीच्या चाकरीत वाढले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तेथे पडले. अंबरचे यश ज्याला म्हणतात त्यात या सगळ्यांचा हिस्सा आहे. शेतसाऱ्याची त्याने बसवलेली पद्धत पुढे मराठी मुलखात त्याच्या नावाने ओळखली गेली. १६१० साली त्याने खडकी वसवली. तिचेच पुढे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून सरकारी दफ्तरात तिचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. डोंगराकडचे भूगर्भातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणण्याची त्याची योजना तर आजही अभियंते पाहायला येतात. मीर कासिमने शिकवलेला हिशेब कुठे कुठे उपयोगी पडला पाहा.

पण जन्म त्याच्या मागे लागलेलाच राहिला. १६०० मध्ये त्याने पहिले काम काय केले? निजामशाही रक्ताचा एक मुलगा शोधून काढला, त्याला परांड्याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. हा मुर्तजा निजामशहा दुसरा. त्याच्याकडे फौज नव्हती, खजिना नव्हता, त्याने काही करून दाखवले नव्हते. त्याच्यापाशी होता फक्त जन्म, आणि तेवढे पुरे होते. अंबरपाशी बाकी सारे होते आणि जन्म नव्हता. सव्वीस वर्षे राज्य चालवून तो कधी सुलतान झाला नाही. हबशी माणूस हिंदुस्थानात सुलतान होऊच शकत नव्हता असे मात्र नाही. बंगालमध्ये १४८७ ते १४९३ या काळात हबशी सुलतान झाले, आणि ते एकामागून एक मारले गेले. त्याआधी दिल्लीत रझिया सुलतानने याकूत या हबशाला घोड्यांच्या पागेचा अमीर केले, तेव्हा तुर्की अमिरांना ते सहन झाले नव्हते. त्यांच्यापैकी बरेचजण स्वतः गुलाम म्हणून विकले गेलेले किंवा गुलामांचे मुलगे होते, तरीही! गुलामांतही वरचा जन्म आणि खालचा जन्म होता. आपल्याकडे अश्राफ आणि अजलाफ हा भेद कोणी नाकारू लागले की मला ही पागेची गोष्ट आठवते.

सर्वांत टोचणारी हकीकत अंबरच्या मुलीची आहे. ती सुलतानाची बेगम झाली. पण सुलतानाची थोरली बेगम इराणी वंशाची होती. तिने एकदा भांडणात हिला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि बापालाही नावे ठेवली. मुलीने हे बापाला कळवले, आणि १६१० मध्ये अंबरने सुलतान व ती बेगम या दोघांनाही विष देवविले आणि सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवले, असे डच व्यापाऱ्याच्या नोंदीत आहे. मी अंबरची वकिली करणार नाही. खून तो खूनच. पण ज्याच्या हाती सारे राज्य होते त्याच्या मुलीला महालात काय ऐकावे लागत होते, हे त्यातून कळते. बाप मोखाच्या बाजारातून निघून साठ वर्षांचा झाला होता. बाजार अजून त्याच्या मुलीपर्यंत पोहोचत होता.

जहांगीरची गोष्ट तर चित्रातच आहे. त्याच्या आत्मचरित्रात अंबरचे नाव शिवीशिवाय क्वचित येते, आणि शिवी बहुतेक वेळा रंगावरून. अबुल हसन या चित्रकाराने काढलेले एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. जहांगीरला अंबर उभ्या आयुष्यात हाती लागला नाही. गंमत म्हणजे अंबर मेल्यावर त्याच जहांगीरचा दरबारी इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने वाखाणणी केली, आणि इतक्या उंचीला पोहोचलेला दुसरा हबशी गुलाम इतिहासात सापडत नाही असेही लिहून ठेवले. तारीफच ती. पण ‘दुसरा सापडत नाही’ या शब्दांतच मघाच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. अंबरच्या आयुष्यात नशीब म्हणून ज्या गोष्टी मोजता येतात त्या पुन्हा पाहू. कुणीतरी त्याला शिकवले. एके काळी स्वतः गुलाम असलेल्या कुणीतरी त्याला आपल्या फौजेत घेतले. एका विधवेने त्याला सोडले. अभंगखानाने चाळिशी उलटलेल्या एका भटक्या हबशावर दीडशे स्वार सोपवले. अंबरच्या बाजूने पाहिले तर हे सारे नशीब. त्या-त्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ते त्याचे काम होते, चांगले किंवा वाईट, हेतू साफ असो वा नसो. रहीमचेही तसेच. पाटणला लुटालूट चालू असताना बैरामखानाचे नोकर पळून गेले असते तर? अकबराने बंडखोर बापाच्या पोराकडे पाठ फिरवली असती तर? एकाचे नशीब म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने केलेली गोष्ट असते. मुकद्दरचे नाव घेऊन आपण तो हात लपवतो, आणि मेहनतीचे नाव घेऊन तो हात पुढे करण्याचेच नाकारतो.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की सहा ते चौदा वयातल्या मुसलमान मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा मुलांनी एक तर शाळा पाहिलीच नव्हती किंवा मध्येच सोडली होती. या मुलांना मलिक अंबरची गोष्ट सांगणारे पाहुणे कुठे भेटणार? सत्काराच्या मंडपात ती येतच नाहीत. जी येतात त्यांच्यापैकी कुणाची आई शिकलेली असते, कुणाचा मामा आखातातून फीचे पैसे पाठवतो, कुणाच्या घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर असते. त्यांची मेहनत खरी आहे. ती मी डोळ्यांनी पाहते. रात्री लूमच्या खडखडाटात अभ्यास करणाऱ्या मुलाला ‘तुझे काय, नशीबवान आहेस’ म्हणणेही अन्यायाचेच होईल. पण शेजारच्या बाकावरचा त्याच्याइतकाच हुशार मुलगा सातवीनंतर गॅरेजमध्ये गेला, तो आळशी होता म्हणून नव्हे. त्याला जलशात नालायक ठरवायचे आणि घरी बदनसीब ठरवायचे. मधल्या मध्ये त्याच्या फीचे कुणी पाहायचे?

एक गोष्ट राहिली. अंबरला ‘नशीबवान’ म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. त्याच्या यशाची सुरुवात एका मुलाला घरातून तोडण्याने झाली. त्याच्या आईला पुढे काही कळले असेल का, की आपला चापू कुठल्या देशात राज्य चालवतो आहे? रहीमला अकबराने दुसरे घर दिले. अंबरला आपले पहिले घर पुन्हा दिसले नाही. बाकीच्या नऊशे नव्याण्णवांचीही हीच कथा, फक्त शेवटी राज्य नाही. पुढच्या काळात हबशांचे एक घराणे जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत नवाबी करीत होते, आणि त्याच वंशाचे दुसरे लोक उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलात मजुरी करीत राहिले. कर्नाटकातल्या या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला.

दोघांचा उत्तरकाळही समांतर चालला. १६१० मध्ये रहीमला दख्खनच्या मोहिमेत अंबरकडून हार खावी लागली, अहमदनगरचा किल्ला अंबरने परत घेतला, आणि खान-ए-खानानला दरबारात परत बोलावले गेले. काही वर्षांनी, १६१६ मध्ये, रहीमचा मुलगा शाहनवाझखान याने अंबरचा रोशनगावला पराभव करून खडकी जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली. शाहनवाझखान दारूपायी १६१९ मध्ये गेला. शहजादा खुर्रमच्या बंडाच्या वेळी रहीम एकदा इकडे, एकदा तिकडे झाला, कैदेत पडला, आणि त्याचा दुसरा मुलगा दाराबखान याला मारून त्याचे डोके बापाकडे पाठवण्यात आले. एवढ्या मोठ्या जन्माने त्याला या एका दिवसापासून वाचवले नाही. अखेरीस जहांगीरने त्याला किताब परत दिला. १६२७ मध्ये तो दिल्लीत वारला.

अंबर त्याच्या आदल्या वर्षी, १६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात, आपल्या बिछान्यावर मेला. त्याचा मुलगा फतेहखान याला बापाचे पद, फौज आणि दौलताबाद हे सारे जन्मामुळे मिळाले. सुलतानाने त्याला कैदेत टाकले. सुटल्यावर त्याने सुलतानालाच मारवले, एका पोराला गादीवर बसवले आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली करून शहाजहानचा तनखा घेतला. बापाने पन्नास वर्षे खपून जे उभे केले ते सात वर्षांत गेले.

रहीमची कबर दिल्लीत निजामुद्दीनजवळ आहे. तो मकबरा त्याने १५९८ मध्ये बेगम माहबानूसाठी बांधला होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्याचा संगमरवर आणि तांबडा दगड उचकटून सफदरजंगाच्या मकबऱ्याला लावण्यात आला. अलीकडे, २०२० मध्ये, त्याची डागडुजी पुरी झाली. अंबर खुलताबादला आहे, हजरत जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यापासून जवळच, आणि त्याच्या शेजारच्या लहान घुमटाखाली त्याची बायको बीबी करीमा. आमच्या शाळेची सहल दौलताबाद-वेरूळला जाते तेव्हा बस बहुतेक वेळा औरंगजेबाच्या कबरीपाशी थांबते आणि पुढे निघते. गेल्या खेपेस मी ड्रायव्हरला वीस मिनिटे मागून घेतली. मुले आत गेली, फातिहा पढली, आणि एकाने घुमटाचे दगड मोजायला सुरुवात केली.